हात काढला की विझणारा दिवा

शाळेत जे शिकवतात ते सर, जे घंटा वाजवतात ते मामा, आणि या दोघांच्या मधल्या जागेत जो उभा असतो तो काका. मी अठ्ठावीस वर्षं काका होतो. पगारपत्रकावर ‘प्रयोगशाळा सहायक’ असं भारदस्त नाव होतं, पण त्या नावाने मला फक्त ऑडिटवाले ओळखत. परीक्षानळ्या धुणं, चुंबकं मोजून देणं आणि मोजून परत घेणं, ॲसिडच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवणं ही माझी कामं. शिवाय विज्ञानाचे सर फळ्यावर जे सिद्ध करत, ते टेबलावर खोटं ठरू नये ही जबाबदारीही माझीच. प्रयोग जमला की सरांनी शिकवलेलं असायचं, आणि नाही जमला की काकांनी सामान नीट दिलेलं नसायचं. याबद्दल माझी तक्रार नाही. पेन्शन दोन्ही प्रकारच्या प्रयोगांची मिळते.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. खेळण्यातल्या गाडीत एक अंगठ्याएवढी मोटर असते. तिला सेल जोडला की ती फिरते, हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पण तीच मोटर आपण हाताने जोरात फिरवली तर ती उलट आपल्यालाच वीज देते. तिच्या दोन वायरींना टॉर्चचा बल्ब लावा, तो लागतो. सेल नाही, प्लग नाही, वीज मंडळाचं बिल नाही. एवढंच. धरणावर जे चालतं ते हेच, फक्त तिथे पाणी फिरवतं आणि इथे नववी ब. पोरं पहिल्यांदा हे बघायची तेव्हा दोन क्षण एकदम गप्प व्हायची. आमच्या शाळेत नववी ब गप्प होण्याचे तेवढेच प्रसंग.

मोटरी मी जुन्या बाजारातून आणायचो. लोकांनी टेपरेकॉर्डर टाकून सीडी प्लेअर घ्यायला सुरुवात केली तेव्हा बाजारात टेपरेकॉर्डरचे ढीग पडायचे. त्यातल्या मोटरीत वेग आवरायला एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, ते कापून टाकलं की मोटर आपल्या कामाची. हँडल लावून फिरवायच्या मोठ्या चाकासाठी मी सीडी वापरायचो. त्या काळात इंटरनेट कंपन्या घरोघरी फुकट सीड्या वाटत होत्या. दोन सीड्यांच्या मध्ये पुठ्ठ्याची जरा लहान चकती चिकटवली की छान खाच तयार होते. तिच्यावरून मोटरीपर्यंत एक रबर बँड ताणून बसवायचा. आमच्या देसाई सरांनी ते चाक बघून सांगितलं, “काका, सॉफ्टवेअरचा काहीतरी उपयोग होताना आज पहिल्यांदा बघतोय.” देसाई सर विज्ञान शिकवायचे आणि त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे त्यांना हे बोलायचा अधिकार होता.

मुलं हे यंत्र करून घरी न्यायची. मग पालक यायचे. पूर्वी पालक फक्त निकालाच्या दिवशी शाळेत येत. पुण्यात कंपन्या आल्या आणि पालक कोणत्याही दिवशी, गळ्यात कंपनीचा पट्टा घालून येऊ लागले. त्यातले एक माझ्या कायमचे लक्षात आहेत. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले,

“काका, या डिझाइनमध्ये इशू आहे.”

“काय झालं?”

“बल्ब नसताना हँडल एकदम स्मूथ फिरतं. बल्ब कनेक्ट केला की जड होतं. म्हणजे कुठेतरी फ्रिक्शन आहे. मुलाचा हात दुखतो.”

“बल्ब काढून टाका. मग दुखणार नाही.”

“पण मग लाइट लागणार नाही ना!”

“तेच म्हणतोय मी.”

मग मी त्यांना नीट समजावलं. दिवा फुकट लागत नाही. त्याला जेवढी वीज लागते, तेवढं काम आपल्या हाताला करावं लागतं, म्हणून दिवा जोडला की हँडल जड होतं. जड झालं म्हणजे बिघडलं नाही, उलट चालू लागलं. त्यांनी मान डोलावली, यंत्र घेऊन गेले आणि घरी जाऊन रबर बँडला शिवणयंत्राचं तेल घातलं. दुसऱ्या दिवशी मुलगा आनंदाने सांगत आला, “काका, बाबांनी फिक्स केलं. आता बल्ब लावूनही स्मूथ फिरतं.” फिरणारच. रबर बँड जागच्या जागी घसरत होता आणि मोटर ढिम्म होती. दिवा काही लागत नव्हता, पण इशू सुटला होता.

त्याच वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिल्यांदा लॅपटॉप आला. एका मुलीच्या वडिलांनी ऑफिसमधून प्रोजेक्टर आणला होता. पडद्यावर एक हात एक हँडल फिरवायचा आणि एक बल्ब लख्ख पेटायचा, मागे संगीत. शेजारच्या टेबलावर एक पोरगा खरंखुरं यंत्र घेऊन उभा होता, त्याचा बल्ब पिवळसर मिणमिणत होता. परीक्षकांनी पडद्यावरच्या बल्बला पहिलं बक्षीस दिलं. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘प्रकाश अधिक प्रखर’. हे वाचून मी खूप हसलो. आता वाटतं, तेव्हा जरा कमी हसलो असतो तर बरं झालं असतं.

कारण पुढच्याच वर्षी संस्थेने ठरवलं की शाळेत संगणक कक्ष हवा. खोली शोधायला नानासाहेब आले. नानासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे कार्यवाह, सरकारी नोकरीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळी शाळा हिंडून बघितली आणि नेमके माझ्या प्रयोगशाळेच्या दारात थांबले. मंडईकडच्या बाजूची मोठी खोली, भरपूर उजेड, आणि प्रत्येक टेबलाला प्लग.

“इथे काय चालतं?” त्यांनी विचारलं.

“प्रयोग,” मी म्हणालो.

“ते हल्ली कॉम्प्युटरवर होतात,” असं म्हणून त्यांनी टेप काढून खोली मोजायला सुरुवात केली.

खोली गेली की मी जाणार होतो. आमच्या खात्यात याला ‘अतिरिक्त’ म्हणतात. नोकरी जात नाही, पण समायोजन म्हणून जिल्ह्यात कुठेही पाठवतात, आणि माझ्या पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना जिल्हा फार मोठा होता. पण खरं सांगायचं तर मला माझ्यापेक्षा त्या खोलीचं वाईट वाटत होतं. तिथली प्रत्येक वायर माझ्या हाताने सोललेली होती.

आमच्या मुख्याध्यापिका बर्वेबाई. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना शाळेपेक्षा शाळेचे कार्यक्रम जास्त चांगले चालवता येत. एके दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. मी ओळखलं, काहीतरी गंभीर आहे.

“आपला मिलिंद आठवतो?”

मिलिंद न आठवायला काय झालं. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचा. वडील कारखान्यात कामगार. पोरगा हुशार होता असं नाही, पण चिवट होता. अख्ख्या शाळेत मला ‘सर’ म्हणणारा तो एकटा. बाकीची पोरं हसायची, तरी तो म्हणायचाच. आता त्याची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी होती, काचेच्या इमारतीत दोन मजले.

“त्याला यंदा विज्ञान प्रदर्शनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय,” बाई म्हणाल्या. “देणगी देतो म्हणाला. मी संगणकांचं सुचवलं, तर तो विचारतो, आपली प्रयोगशाळा कशी आहे? मी म्हटलं, या आणि बघा. काका, त्याला प्रदर्शन आवडलं ना, तर तो प्रयोगशाळेसाठी देईल. मग नानासाहेबांना काही बोलता यायचं नाही. ते वरच्या मजल्यावर बांधतील त्यांचा कक्ष.”

त्या दिवशी मी घरी जाताना गुडघे दुखल्याचं आठवत नाही.

बाईंनीच कल्पना काढली की उद्घाटनाचं दीपप्रज्वलन तेला-वातीने न करता माझ्या यंत्राने करायचं. पाहुण्यांनी हँडल फिरवायचं आणि समईवर दिवा लागायचा. कल्पना खरोखर सुंदर होती. मी आठ दिवस खपलो. संस्थेच्या मोठ्या पितळी समईवर पाच वातींच्या जागी पाच बल्ब लावायचं ठरलं होतं, पण मोटरीची ताकद एकाचीच होती, म्हणून एकावर भागवलं. समईखाली लाकडी पेटी, पेटीत मोटर, बाहेर हँडल. मी पन्नास वेळा फिरवून बघितलं. पन्नासही वेळा दिवा लागला.

आदल्या दिवशी बाई आणि नानासाहेब तालीम बघायला आले. मी हँडल फिरवलं, दिवा लागला, बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी हात काढला.

“अहो, हे काय?” बाई म्हणाल्या. “विझला की!”

“हात काढला की विझणार, बाई.”

“विझणार म्हणजे? कार्यक्रम दीड तासाचा आहे. समई शेवटपर्यंत तेवायला हवी.”

“ती तेलाची समई. ही हाताची वीज आहे.”

“असेल. पण समई ती समई. उद्घाटन झाल्या झाल्या समई विझली, तर लोक काय म्हणतील? अपशकुन आहे तो.”

मी म्हणालो, “बाई, विज्ञान प्रदर्शन आहे.”

“म्हणूनच!” बाई म्हणाल्या. याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही.

मी एक उपाय सुचवला. दीड तास पोरांनी आळीपाळीने येऊन हँडल फिरवत राहायचं. दिवाही तेवत राहील आणि सगळ्यांचा हातही लागेल. नानासाहेबांनी मान हलवली. पाहुण्यांसमोर मुलांना राबवल्यासारखं दिसेल, म्हणाले. मग जरा वेळ विचार करून त्यांनी इंजिनिअरी तोडगा काढला.

“आत दोन सेल टाका.”

“मग हँडल कशाला?”

“पाहुण्यांना फिरवायला.”

मी नाही म्हणालो. अगदी स्पष्ट म्हणालो. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “काका, खोली हवी आहे ना तुम्हाला?”

मी घरी जाताना टॉर्चचे दोन सेल विकत घेतले. चांगल्यातले घेतले, याची लाज मला अजून वाटते.

सेल बसवताना एक गंमत झाली. मोटर तशीच जोडलेली ठेवली तर सेल तिलाच फिरवायला लागायचे आणि हँडल कुणी हात न लावता गरगर फिरायचं. म्हणजे अपशकुन टळला असता आणि भुताटकी झाली असती. म्हणून मला मोटरीची वायर सोडवून ठेवावी लागली. सेलचं बटण टेबलाच्या कापडाखाली. पाहुण्याने हँडल धरलं की मी ते दाबायचं. खरं यंत्र खोटं करायला मला दहा मिनिटं पुरली.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरलेला होता. मिलिंद आला, साधा शर्ट, हातात मोबाइल. मला बघून वाकला. “सर, तुम्ही आहात अजून! बरं वाटलं.” निवेदिकेने माईकवर सांगितलं की ‘पारंपरिक समई आणि आधुनिक विज्ञान यांचा संगम’ आता आपण पाहणार आहोत. मिलिंदने हँडल धरलं, मी बटण दाबलं, त्याने फिरवलं. दिवा लख्ख लागला. एवढा लख्ख तो माझ्या हाताने कधीच लागला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

फिरवताना मिलिंदच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याने हँडल जरा हळू केलं. मग आणखी हळू. दिवा तसाच. त्याने हात काढला. दिवा तसाच. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसला.

पुढे तासभर स्वागत, प्रास्ताविक, अहवाल. समई शेजारी तेवत होती आणि तिला कुणीही फिरवत नव्हतं. हॉलमध्ये विज्ञानाचे पाच शिक्षक होते, तीन परीक्षक होते, पोरांची सत्तावीस उपकरणं होती आणि गळ्यात पट्टे घातलेले शंभरेक पालक होते. कुणालाही काहीही वावगं वाटलं नाही. उलट एक पालक शेजाऱ्याला म्हणाले, “क्वालिटी बघ, अजून चालू आहे.”

मग मिलिंद बोलायला उभा राहिला.

“मी नववीत असताना याच शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग केला होता,” तो म्हणाला. “माझा दिवा लागलाच नाही. शाळा सुटल्यावर तीन तास फिरवलं, हात सुजला. वर्गात सगळ्यांनी वहीत लिहिलं होतं, दिवा लागला. मीही तेच लिहायला बसलो. सरांनी वही धरली. म्हणाले, लागला का? नाही ना? मग नाही लागला असं लिही. मला दहापैकी तीन मार्क मिळाले.” लोक हसले. तो हसला नाही. “आज कंपनीत मुलाखतींना मुलं येतात. सगळ्यांना सगळं येतं. मला हे येत नाही, असं जो सांगतो त्याला मी घेतो. हे मी सरांकडून शिकलो.”

मी स्टेजच्या कडेला उभा होतो. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं आणि मला वाटत होतं, पायाखालची फरशी दुभंगावी.

तो समईकडे वळला. “सर, मी हँडल सोडून तास होऊन गेला. हा दिवा अजून कसा लागलेला आहे?”

मग नानासाहेब खुर्चीतूनच म्हणाले, “कपॅसिटर! आत कपॅसिटर आहे. तुम्ही दिलेली ऊर्जा त्यात साठली.” पहिल्या रांगेतून परीक्षकांपैकी एकाने दुजोरा दिला आणि जडत्वाचाही उल्लेख केला. नव्या कक्षासाठी आधीच नेमलेल्या कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, बॅकअप असणार. प्रत्येक उत्तराला थोड्या थोड्या टाळ्या पडल्या. देसाई सर तेवढे चपलेकडे बघत बसले होते. त्यांना कळलं होतं, पण त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

मिलिंद थांबला होता. “सर, तुम्ही सांगा.”

‘आत सेल आहेत.’ तीन शब्द. ते माझ्या तोंडात अगदी तयार होते. बर्वेबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत माझी खोली होती, तिची टेबलं होती, मंडईकडची खिडकी होती. मी सेल आहेत म्हणालो असतो तर बाईंची शोभा झाली असती, नानासाहेबांनी दुसऱ्या दिवशी टेप काढला असता आणि मी अतिरिक्त झालो असतो.

“कपॅसिटर आहे,” मी म्हणालो.

एवढा वेळ बल्ब जळत ठेवणारा कपॅसिटर त्या काळी आणायचा म्हटला असता, तर तो ठेवायला स्टेज पुरलं नसतं. हे मला माहीत होतं, आणि मिलिंदलाही माहीत होतं.

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाला. मग माईककडे वळून त्याने जाहीर केलं की शाळेची प्रयोगशाळा आहे तिथेच राहावी अशी त्याची इच्छा आहे, आणि तिची नवी टेबलं, नवं सामान सगळं तो करून देईल. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नानासाहेबांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

प्रयोगशाळा झाली, उत्तम झाली. दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. मी त्याच खोलीतून निवृत्त झालो, गुडघ्यांना जिल्हा बघावा लागला नाही. पोरांना मी तो प्रयोग पुढेही शिकवला आणि वहीत दिसलं ते लिहा असंही सांगितलं, फक्त सांगताना त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागलो. मिलिंद नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आला नाही. कामात आहे, असा निरोप पाठवला. नंतरही कधी आला नाही.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेलो होतो. बाई, नानासाहेब मागे चहापाण्यात अडकले होते, आम्ही दोघंच होतो. आता सांगावं असं ठरवून मी म्हणालो, “मिलिंद, ते मगाशी...”

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. वाकून नमस्कार केला, गाडीचं दार उघडलं आणि अगदी शाळेतल्यासारखं हळू म्हणाला,

“सर, आत जाऊन आधी बंद करा. सेल उतरतील.”

मी परत आत गेलो. हॉल रिकामा झाला होता आणि समई तेवत होती. मी कापडाखाली हात घातला आणि ती बंद केली.